गोदामाचे पाणी शेजारच्या वावरात जाऊ नये म्हणून

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने गावालगतच्या एक हेक्टर उताराच्या काळ्या जमिनीवर गोदाम, धान्य वाळवण्याचा काँक्रीटचा ओटा आणि ट्रक वळवण्यासाठी पक्के आवार बांधायचे ठरवले आहे. साधारण निम्मी जागा झाकली जाईल. खालच्या अंगाला पऱ्हाटीची वावरे आहेत आणि आमचे पाणी धुरा फोडून आत येईल, असे त्या शेतकऱ्यांना वाटते. शोषखड्डे घ्यावेत की शेततळे खोदावे?
— एक संचालक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : शेजाऱ्यांची भीती रास्त आहे आणि ती बांधकामाआधीच आपल्या कानावर आली हे चांगले झाले, कारण पाण्याची जागा नकाशातच राखून ठेवावी लागते, गोदाम उभे राहिल्यावर ती सापडत नाही. शोषखड्डा काळ्या मातीत या कामाचा नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा मृगाचे पाणी गिळून टाकतात, त्यामुळे जमीन भरपूर पाणी मुरवते असा समज होतो. पण माती फुगून भेगा मिटल्या की आषाढ-श्रावणात तीच जमीन तासाला जेमतेम काही मिलिमीटर पाणी मुरवते. शेततळेही जसेच्या तसे चालणार नाही. शेततळे भरून राहावे म्हणून खोदतात आणि श्रावणात काठोकाठ भरलेल्या तळ्यात येणारे पाणी तेवढेच्या तेवढे सांडव्यावरून खाली जाते. आपल्याला हवे आहे ते पाणी काही वेळ थोपवून बेताने सोडणारे आणि पुढच्या सरीआधी पुन्हा रिकामे होणारे तळे.

त्याचा हिशेब ज्या सूत्राने करतात ते आयर्लंडचे अभियंता मल्व्हनी यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या विचारावर आधारलेले असून, लहान क्षेत्रासाठी आजही वापरात आहे. वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक (म्हणजे पडलेल्या पावसाचा किती हिस्सा वाहून जातो तो आकडा), पावसाची ताशी मिलिमीटरमधील तीव्रता आणि हेक्टरमधील क्षेत्र यांचा गुणाकार ३६० ने भागला की प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. पुढील तीव्रता मी केवळ उदाहरणासाठी घेतल्या आहेत. आपल्या अभियंत्याने हवामान विभागाच्या जवळच्या केंद्रावरील नोंदींतून त्या ठरवून घ्याव्यात. आज शेत असताना गुणांक ०.३ धरला आणि पाणी टोकापर्यंत पोचायला अर्धा तास लागत असेल, तर ताशी ६० मिमीच्या पावसात सेकंदाला ५० लिटर पाणी खाली जाते. बांधकामानंतर सरासरी गुणांक ०.६ होतो. शिवाय पत्र्यावरून आणि काँक्रीटवरून पाणी १२ मिनिटांत टोक गाठते, म्हणून आता थोडा वेळ पडणारी पण अधिक जोरदार, समजा ताशी ९० मिमीची, सर विचारात घ्यावी लागते. तिचा प्रवाह १५० लिटर येतो. निम्मीच जमीन झाकूनही लोंढा तिप्पट झाला, तो या दोन्ही कारणांनी.

तळ्याचे आकारमान मात्र या जोरदार सरीवरून ठरवू नये. खाली सोडायचे पाणी आजच्याइतकेच, म्हणजे सेकंदाला ५० लिटर, ठेवायचे असेल तर १२ मिनिटांच्या त्या सरीसाठी सुमारे ७२ घनमीटर साठा पुरतो. परंतु ताशी ५२ मिमीने तासभर चाललेल्या पावसाला १३२ घनमीटर लागतात. म्हणून वेगवेगळ्या कालावधीच्या पावसांचा हिशेब करून त्यांतील सर्वांत मोठा साठा घ्यावा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमी म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा पंचनाम्यांमुळे आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे, पण तेवढा पाऊस दिवसभरात पडला की तासाभरात, हे त्यातून कळत नाही आणि तळ्याला नेमके तेच कळायला हवे. गाळासाठी आणि हिशेबातील कसरीसाठी भर घालून १६० घनमीटर धरावेत. एक मीटर खोलीच्या अशा तळ्याला बाजूचे उतार आणि काठाची जादा उंची धरूनही तीन गुंठ्यांच्या आत जागा पुरते.

पाणी सोडण्यासाठी तळाशी १५० मिमी व्यासाचे एकच भोक ठेवावे. तळे भरल्यावर त्यावर एक मीटर पाणी असताना त्यातून सेकंदाला सुमारे ४७ लिटर जातात. गावातील माणसे मोठा पाइप घालण्याचा आग्रह धरतील. तो मान्य करू नये, कारण मोठ्या पाइपाने तळ्याचा उपयोगच संपतो. भोकापुढे जाळी हवी आणि दर पावसानंतर ती साफ करणारा ठरलेला माणूस हवा, कारण तुरीच्या काड्या आणि प्लॅस्टिकची पोती तिथेच अडकतात. जाळी तुंबली तरी काठ फुटू नये म्हणून तीन मीटर रुंदीचा दगडी सांडवा ठेवावा. त्यावरून १५ सेंटिमीटर उंचीने पाणी गेले तरी सेकंदाला ३०० लिटरच्या आसपास वाहून जाते.

एक गोष्ट मला या साऱ्याहून महत्त्वाची वाटते. आज ते ५० लिटर साऱ्या उतारावर पसरून जातात, उद्या ते एका पाइपातून एकाच ठिकाणी पडतील. प्रवाह वाढला नाही तरी तिथे घळ पडेल आणि शेजाऱ्याचे म्हणणे खरे ठरेल. म्हणून ते पाणी दगडी चरातून, संबंधित शेतकऱ्यांच्या लेखी संमतीने, नाल्यापर्यंत न्यावे. नाला दूर असल्यास लांब, समपातळीत बांधलेल्या दगडी उंबऱ्यावरून ते पुन्हा पसरून सोडावे.

प्रश्न : अशा तळ्यामुळे गोदामाचा पाया खचण्याची भीती असते का?
— एक वाचक, वर्धा जिल्हा

उत्तर : तळे पायालगत असेल तर असते. काळी माती ओलीने फुगते व सुकल्यावर आकसते, आणि एका बाजूने ओल, दुसऱ्या बाजूने कोरडेपणा राहिला की जोत्याला व भिंतींना तडे जातात. तळे जागेच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, इमारतीपासून जमेल तितके दूर घ्यावे आणि पत्र्याच्या पन्हाळीचे पाणी पक्क्या गटारातून तिथवर न्यावे. काठ नुसत्या काळ्या मातीचा करू नये, उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात. आत काळी माती, बाहेरून मुरूम, आणि दोन्ही पातळ थरांत पाणी शिंपून दाबलेले असावेत.