पन्नास वाव पाण्याखाली : पाणबुड्यांच्या घड्याळांबद्दल तुमचे प्रश्न

जुन्या डायव्हर घड्याळांबद्दल, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या माणसांच्या घड्याळांबद्दल, बरेच प्रश्न आले आहेत. त्यांपैकी पाच इथे घेतो.

डायव्हर घड्याळ सगळ्यात आधी कुणी काढलं, रोलेक्सने की ब्लांपांने? मित्रांत पैज लागली आहे. (ठाणे)

पैज कशावर लागली आहे ते आधी ठरवा. पाणी आत न जाणारं घड्याळ हवं असेल तर रोलेक्सचं ऑइस्टर १९२६चं आहे. इटालियन नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी पानेराई या कंपनीने १९३६मध्ये ४७ मिलिमीटरचं दांडगं घड्याळ तयार करवून घेतलं, तेही खूप आधीचं. पण पाणबुड्याला किती वाजले यापेक्षा खाली उतरून किती मिनिटं झाली हे कळायला हवं असतं. ते सांगणारी फिरती कडी, म्हणजे बेझल, त्या दोन्ही घड्याळांना नव्हती.

ब्लांपांचे प्रमुख जाँ-जाक फिश्तर स्वतः पाण्यात उतरणारे होते. एकदा दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात वेळेचं भान राहिलं नाही आणि टाकीतली हवा संपत आली. त्यातून ते वाचले आणि घड्याळाच्या कामाला लागले. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांची तुकडी उभारणारे रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी असंच घड्याळ शोधत होते. काळी तबकडी, ठळक आकडे, अंधारात चमकणारे काटे आणि फिरती कडी, अशी त्यांची मागणी होती. १९५३मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ आलं. फॅदम म्हणजे आपल्या कोकणातल्या मच्छीमारांची वाव. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. रोलेक्सचं सबमरिनरही त्याच वर्षीचं आहे. माझं मत विचाराल तर मान ब्लांपांचा, कारण त्यांची कडी दाबल्याशिवाय फिरत नसे. खडकाला धक्का लागून कडी सरकली तर माणूस जिवाला मुकू शकतो, हे ओळखूनच ती तशी केली होती. पुढे एकाच दिशेने फिरणारी कडी रूढ झाली. तिला धक्का लागला तरी ती गेलेला वेळ जास्तच दाखवते आणि माणूस लवकर वर येतो.

घड्याळाच्या कडेला ‘हेलियम व्हॉल्व्ह’ असतो, तो पाणी बाहेर टाकायला असतो का? (रत्नागिरी)

पाण्याशी त्याचा संबंधच नाही. हा प्रश्न मला मनापासून आवडला, कारण या व्हॉल्व्हची खरी गोष्ट कोरड्या खोलीत घडते.

खोल समुद्रात दिवसेंदिवस काम करणारे पाणबुडे रोज वर-खाली करत नाहीत. आपल्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांतही असंच काम चालतं. जहाजावरच्या एका बंद कोठीत तळाइतकाच दाब ठेवतात आणि माणसं तिथेच जेवतात, झोपतात. तिथून दाबाखालच्याच एका घंटेत, म्हणजे पाण्यात सोडायच्या बंद डब्यात, बसून कामावर जातात आणि परत कोठीत येतात. अशा दाबाखाली साध्या हवेतला नायट्रोजन डोक्यात झिंग आणतो, म्हणून श्वासाला हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण देतात. हेलियमचे अणू इतके बारीक की पाणी अडवणाऱ्या रबरी वायसरमधून ते हळूहळू घड्याळात शिरतात. काम संपलं की कोठीतला दाब उतरवतात. त्याला कैक दिवस लागतात, ढोबळ हिशोब दर तीस मीटरला एक दिवस आणि वर आणखी एक. पण हेलियमला बाहेर पडायला तेवढाही वेळ पुरत नाही. आतला दाब जास्त, बाहेरचा कमी, आणि मग काच फटकन उडते. समुद्राने ज्याला काही केलं नाही असं घड्याळ कोठीतल्या बिछान्यावर फुटतं.

अमेरिकी नौदलाच्या सीलॅब प्रयोगात माणसं पाण्याखालच्या घरात राहिली. पहिला प्रयोग १९६४चा, बर्म्युडाजवळ, सुमारे ५८ मीटरवर. त्यातले पाणबुडे बॉब बार्थ यांनी ही काच उडण्याची अडचण ओळखली आणि आतला वायू सोडणाऱ्या झडपेची कल्पना मांडली. रोलेक्सने १९६७मध्ये तिचं पेटंट मागितलं, त्यातून ६१० मीटरचं सी-ड्वेलर आलं. डॉक्सा या घड्याळ कंपनीनेही त्याच काळात तशी झडप बसवली. मार्सेयच्या कोमेक्स या कंपनीच्या पाणबुड्यांना रोलेक्सने झडपेची घड्याळं दिली. तबकडीवर कोमेक्सचं नाव असलेली ती घड्याळं आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात.

मला मात्र जपानचं उत्तर जास्त थोर वाटतं. १९६८मध्ये हिरोशिमाजवळच्या कुरे गावच्या एका पाणबुड्याने सेइको या घड्याळ कंपनीला पत्र लिहिलं की तुमची घड्याळं आमच्या कामात टिकत नाहीत. अभियंता इकुओ तोकुनागा आणि त्यांचे सहकारी सात वर्षं त्या पत्राच्या मागे राहिले. १९७५मध्ये ६०० मीटरचं घड्याळ निघालं. केस, म्हणजे घड्याळाची डबी, टायटॅनियमची, मागे झाकणच नाही, बाहेरून संरक्षक कवच, आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा असा वायसर की हेलियम आत येऊच नये. आलेला बाहेर काढण्याऐवजी त्याला दारातच अडवला. त्याच घड्याळाचा पट्टा बघा. त्याला भात्यासारख्या घड्या आहेत. खोल पाण्यात दाबाने रबरी पोशाख आक्रसतो, मनगट बारीक होतं आणि पट्टा सैल पडतो. या घड्या वरती ताणलेल्या असतात, खाली आपोआप मिटतात. एका पत्राला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

लष्करी डायव्हर घड्याळं रेडिओअ‍ॅक्टिव्ह असतात असं ऐकलं. घरात ठेवावीत का? (पुणे)

आकडे-काटे अंधारात चमकावेत म्हणून काय लावलंय त्यावर आहे. जुन्या तबकड्यांवर रेडियम असे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं, म्हणजे चमक गेली तरी किरणोत्सर्ग तसाच. असं घड्याळ बंद ठेवा, घरी उघडू नका, ती भुकटी पोटात जाता कामा नये. नंतर ट्रिटियम आलं. ते साडेबारा वर्षांच्या आतच निम्मं होतं, त्याची धास्ती नको. ब्रिटिश सैन्याच्या सबमरिनरवर वर्तुळात टी अक्षर दिसतं, ती ट्रिटियमचीच खूण. अमेरिकी नौदलाच्या टॉर्नेक-रेव्हिल घड्याळात प्रोमिथियम हे तिसरं किरणोत्सर्गी द्रव्य होतं. त्याच्या पाठीवर धोक्याची सूचना आणि ‘सापडल्यास जवळच्या लष्करी ठाण्यावर परत करा’ असं कोरलेलं होतं. नौदलाने त्यातली बहुतेक नष्ट केली, म्हणून उरलेली इतकी दुर्मीळ.

आजचे पाणबुडे ही घड्याळं वापरतात का? (नागपूर)

मुख्य काम मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर करतो, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं छोटं यंत्र. १९८३च्या ‘एज’ या यंत्रापासून तो मार्ग सुरू झाला. घड्याळ अनेक जण जोडीला बांधतात, कॉम्प्युटर बंद पडला तर मिनिटं मोजायला.

मामा बोटीवर होते. त्यांचं १५० मीटरचं सेइको मिळालंय, पाठीवर ६३०९-७०४० आहे. तबकडी पिवळट, कडीचा रंग उडालेला. नवं करून घेऊ का? (मालवण)

नका करू. कळकळीने सांगतो.

अनेक वर्षांपूर्वी असंच एक घड्याळ मी एका दुकानात फक्त तेलपाण्याला दिलं होतं. परत आलं तेव्हा तबकडी नव्याने रंगवलेली, अक्षरं जाड आणि पसरट, आणि चकाचक पॉलिशमध्ये केसच्या कडा गोल होऊन गेलेल्या. दुकानदाराने चांगल्या मनानेच केलं होतं. पण मूळ तबकडी परत येत नाही. अशा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव या कामाला चिकटलंय याचं मला वाईट वाटतं, कारण याच शहरात हात जपून काम करणारे घड्याळजीही आहेत.

भिंग घेऊन तबकडीच्या तळाशी, अगदी काठाला बघा. बारीक अक्षरांत छापलेला मॉडेल क्रमांक शाबूत असेल तर तबकडी मूळची असण्याची शक्यता मोठी. मागच्या झाकणावर सहा आकडी क्रमांक असेल. त्यातला पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. ऑक्टोबरला शून्य किंवा ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. हे मॉडेल १९७६ ते १९८८ या काळातलं, म्हणून पहिला आकडा १ असेल तर १९८१च. ७ असेल तर १९७७ किंवा १९८७. मग मामांची जहाजावरच्या नोकरीची जुनी सर्व्हिस बुकं काढून ताडून पाहा.

घड्याळजीला सांगा : मशिन साफ करा, तेल द्या, सगळे वायसर बदला, तबकडी, काटे आणि केसला हात लावू नका. काढलेला प्रत्येक भाग परत मागून घ्या. वायसर नवे असले तरी पोहायला घालू नका. आणि मामा असतील तर ते कोणत्या बंदरात घेतलं ते त्यांच्याकडून लिहून घ्या, घड्याळासोबत तो कागदही ठेवा.