संक्षेपाचा अर्थ वाक्यातच द्यावा

पुनर्विकासाची माहिती देणाऱ्या आपल्या पानावर 'म्हाडा', 'एमएमआरडीए' (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), 'एफएसआय' असे शब्द वारंवार येतात. त्या प्रत्येकाला 'अ‍ॅब्र' हा एचटीएमएलमधला (वेबपान लिहिण्याच्या भाषेतला) संक्षेपासाठीचा टॅग लावून त्याच्या 'टायटल' या गुणधर्मात पूर्ण रूप भरले की पुरे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते पुरेसे नाही. 'टायटल'मधला मजकूर माऊसचा बाण शब्दावर थांबला तरच दिसतो. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर पान वाचणाऱ्या रहिवाशाला किंवा केवळ कीबोर्ड वापरणाऱ्याला तो सहसा दिसतच नाही, आणि पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर तो वाचेल की नाही हे त्या प्रोग्रॅमवर आणि वापरणाऱ्याच्या सेटिंगवर ठरते. म्हणून पहिल्या उल्लेखात 'महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण (म्हाडा)' असे सरळ लिहावे आणि टॅगला पूरक समजावे. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंगांनाही पान वापरता यावे यासाठीच्या, डब्ल्यूसीएजी २.० या २००८ च्या निकषांनाही ही पद्धत मान्य आहे.

'अ‍ॅक्रोनिम' हा, शब्दासारख्या उच्चारायच्या संक्षेपांसाठीचा, वेगळा टॅग आता वापरू नये. एचटीएमएल ४ मध्ये दोन्ही टॅग होते आणि इंटरनेट एक्सप्लोरर ६ या जुन्या ब्राउझरला 'अ‍ॅब्र' ओळखता येत नसल्याने अनेकांनी 'अ‍ॅक्रोनिम' जवळ केला. एचटीएमएल ५ ने तो कालबाह्य ठरवला. 'म्हाडा' शब्दासारखा उच्चारायचा आणि 'एमएमआरडीए' अक्षरे सुटी करून, हा भेद देवनागरीत लेखनातूनच कळतो, त्यासाठी टॅग लागत नाही.

'एफएसआय'चा मराठी अर्थ 'चटईक्षेत्र निर्देशांक', पण त्याची आद्याक्षरे या संक्षेपाशी जुळत नाहीत. अशा ठिकाणी मी वाक्यात मराठी अर्थ देतो आणि 'टायटल'मध्ये 'फ्लोअर स्पेस इंडेक्स' ठेवतो.

खरी अडचण आपल्या जुन्या, टिंब देऊन लिहायच्या संक्षेपांची आहे. 'ता. शहापूर, जि. ठाणे' यातला 'ता.' म्हणजे तालुका आणि 'ता. १ मे' यातला म्हणजे तारीख. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे संदर्भाने उमगते, कानांनी ऐकणाऱ्याला मात्र दोन्ही वेळा नुसता 'ता' ऐकू येऊ शकतो. संपूर्ण पानासाठी संक्षेपांची एकच यादी करून शोधा-बदला पद्धतीने टॅग लावल्यास नेमकी येथे चूक होते. कागदाची जागा वाचवण्याचे कारण पडद्यावर उरत नाही, तेव्हा 'तालुका' आणि 'तारीख' हे शब्द पूर्णच लिहावेत.

सोसायटीचे सचिव हे पान छापून सूचनाफलकावर लावणार असतील, तर छपाईसाठीच्या सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत) 'टायटल'चा मजकूर शब्दापुढे कंसात उमटवणारा नियम जरूर घाला.