दोन लिटर दुधातले तूप आणि आंबोणात जाणारे ताक

ताई, आपण लिहिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. राजापूरजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) आपले घर आहे आणि गोठ्यातली गावठी कपिला दोन वेळचे मिळून साधारण दोन लिटर दूध देते. ते सगळे विरजून आपण तूप काढता, ताक बहुतेक गुरांच्या आंबोणात, म्हणजे त्यांच्या भिजवलेल्या खुराकात, जाते आणि मुलांसाठी पिशवीचे दूध विकत येते, कारण दुधाचे सगळे सत्त्व तुपात उतरते असे सासूबाईंचे म्हणणे आहे. याशिवाय ‘ए-टू’ तुपाला मिळणारा भाव, आठ महिन्यांच्या बाळाला गायीचे दूध द्यावे का आणि दुसरी गाय व्यायल्यावर येणारा खरवस, यांविषयीही आपण विचारले आहे.

पोषणाच्या हिशेबाने पाहिले तर आपल्या घरात दुधाचा मोलाचा भाग गुरांना मिळतो आणि माणसांच्या वाट्याला त्यातली केवळ स्निग्धता येते. गायीच्या १०० ग्रॅम दुधात साधारण ८७ ग्रॅम पाणी, चार ते साडेचार ग्रॅम स्निग्धांश, सव्वातीन ग्रॅम प्रथिने, साडेचार ते पाच ग्रॅम दुग्धशर्करा आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. म्हणजे दोन लिटर दुधात सुमारे ९० ग्रॅम स्निग्धांश, ६५ ग्रॅम प्रथिने आणि जवळजवळ २,४०० मिलिग्रॅम कॅल्शियम झाले. घुसळताना रवीला लागते ती स्निग्धता. ते लोणी कढवल्यावर पाऊणशे-ऐंशी ग्रॅम तूप हाती येते आणि त्यात प्रथिने व कॅल्शियम जवळपास शून्य असते. (तूप कढवल्यावर तळाशी उरणाऱ्या बेरीत थोडी प्रथिने उतरतात, म्हणून बेरीवर साखर घालून खाणारी मुले तेवढ्यापुरती शहाणीच म्हणायची.) बाकीचे सारे ताकात राहते. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने आणि १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, हे लक्षात घेतले म्हणजे आंबोणाच्या घमेल्यात रोज काय ओतले जाते याची कल्पना येईल. ताकात पाणी घातल्याने एका पेल्यातले प्रमाण कमी होते हे खरे, पण एकूण ऐवज तेवढाच राहतो.

तुपाला मी नावे ठेवत नाही. एका ग्रॅमला नऊ किलोकॅलरी देणारा तो पदार्थ शेतात राबणाऱ्या माणसाला आणि वाढत्या मुलाला उपयोगी आहे, त्यात अ जीवनसत्त्व आहे आणि गरम भातावर त्याला पर्याय नाही. मात्र त्यातली सुमारे ६० टक्के स्निग्धता संपृक्त (सॅच्युरेटेड) असते. आपल्याकडे कालवणात आणि आमटीत रोज नारळ पडतो, आणि खोबरेल तर त्याहून अधिक संपृक्त असते. त्यामुळे घाटावरच्या घरात खपून जाणारे तुपाचे प्रमाण कोकणातल्या घरात, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाच्या ताटात, हात राखूनच वाढावे लागते.

कोकणच्या जेवणात ताकाला एक खास जागा आहे. आपला मुख्य आधार भात, आणि तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते, नाचणीचेही तेच. दुधाच्या प्रथिनांत ते भरपूर असते. म्हणून ताकभात, किंवा ताकात कालवलेली नाचणीची आंबील, ही गरिबाची सोय म्हणून हिणवली गेली तरी पोषणदृष्ट्या अतिशय सुज्ञ जोडी आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते खरे, पण तिच्यातल्या फायटेट आणि ऑक्झलेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या द्रव्यांमुळे त्यातले बरेचसे शरीराला मिळत नाही. ताकातले कॅल्शियम मात्र चांगले शोषले जाते. त्यात ऋतूचाही विचार करावा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्याच्या आगेमागे श्रावण येतो आणि अनेक घरांत ताजी मासळी शिजत नाही. मासळी हाच आपल्याकडे बी-१२ जीवनसत्त्वाचा मोठा पुरवठा असल्यामुळे या काळात, आणि बारमाही शाकाहारी घरांत तर नेहमीच, ही उणीव दूध-दही-ताकाने भरून काढावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत सड्यावर हिरवा चारा असतो आणि गाय बरे दूध देते. असे असताना ताक आंबोणात जावे हे मला पटत नाही.

लोह मात्र दुधात नगण्य असते आणि त्यातले कॅल्शियम इतर अन्नातले लोहही काहीसे अडवते. घरात कोणाचे हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळी दुधाबरोबर घेऊ नये.

भाद्रपद-आश्विनातले तूप पिवळेधमक आणि चैत्रातले फिकट का, याचे कारण चाऱ्यात आहे. हिरव्या गवतातले बीटा-कॅरोटीन गाय पूर्णपणे अ जीवनसत्त्वात बदलत नाही, त्यातले काही दुधाच्या स्निग्धांशात तसेच उतरते. भाताच्या पेंढ्यात ते उरलेलेच नसते. म्हैस जवळपास सारे बदलून टाकते, म्हणून तिचे तूप पांढरे असूनही त्यात अ जीवनसत्त्व असते. तेव्हा रंगावरून गायीने काय खाल्ले ते कळते, तुपाचा कस त्यावरून ठरवू नये.

आता ‘ए-टू’. हा भेद बीटा-केसीन या दुधातल्या एका प्रथिनाचा आहे. त्याच्या अमिनो आम्लांच्या साखळीत ६७व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. आपल्या देशी गायींचे दूध बहुतांशी ए-टू असते आणि म्हशीचेही तसेच असते, ही गोष्ट जाहिरातीत सहसा सांगत नाहीत. ए-वन दुधाने अमुक रोग होतात असा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २००९ मध्ये काढला होता. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये वेष्टनांवरचे असे दावे काढण्याची सूचना दिली आणि काही दिवसांतच ती मागे घेतली, त्यामुळे बाजारात गोंधळ आहे. पण तुपापुरता प्रश्न सोपा आहे: ज्या पदार्थात प्रथिने जवळपास नाहीतच, त्याला प्रथिनाच्या प्रकारावरून जादा भाव लावणे निरर्थक आहे. आपले तूप घरच्या चरणाऱ्या गायीचे, ताज्या लोण्याचे आहे, एवढे सांगून विकले तर ते खरेही होईल आणि पुरेसेही.

पिशवीचे दूध वाईट नसते. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असणे बंधनकारक असते, म्हणजे प्रथिने आणि कॅल्शियम घरच्या दुधाच्या तोडीचेच. काही पिशव्यांत अ आणि ड जीवनसत्त्वे वरून घातलेली असतात. मात्र घरात दोन लिटर दूध असताना ते विकत आणावे लागू नये. माझा सल्ला असा की निम्मे दूध मुलांसाठी उकळून ठेवावे, निम्मे विरजावे, आणि ताक कढीत, आंबिलीत, पालेभाजीत जिरवावे. दुधाने पोट फुगणाऱ्या वडीलधाऱ्यांना दही-ताक बहुधा सोसते, कारण विरजणातले जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच वापरून टाकतात. मधुमेह असेल तर बिनसाखरेचे ताक चालते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. धारोष्ण दुधाचा हट्ट धरू नये. गाय धडधाकट दिसली तरी तिच्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि उकळल्याने प्रथिने वा कॅल्शियम वाया जात नाही.

बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत गायीचे दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये. त्यात लोह फार कमी, तर प्रथिने आणि क्षार कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातील इतके असतात, शिवाय काही बाळांच्या आतड्यातून सूक्ष्म रक्तस्राव होतो. आईचे दूध चालू ठेवून मऊ भातात चमचाभर ताजे दही किंवा थोडे तूप घातलेले चालेल.

खरवसाबाबत वासराचा हक्क पहिला. गायीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये (तीही प्रथिनेच) वासराकडे जात नाहीत; ती सगळी चिकातून, म्हणजे व्यायल्यानंतरच्या पहिल्या दाट दुधातून, मिळतात, आणि वासराचे आतडे ती जेमतेम पहिला दिवसभर शोषू शकते. म्हणून जन्मल्यावर दोन तासांच्या आत त्याला चीक पाजावा आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा पोटात जाईल असे पाहावे. उरलेल्याचा खरवस खुशाल करावा. तो विरजणाशिवाय घट्ट होतो तो याच प्रथिनांच्या विपुलतेमुळे. पण वाफवताना ती प्रतिकारद्रव्ये निकामी होतात, म्हणून खरवसाने माणसाची प्रतिकारशक्ती वाढते असे म्हणण्यात अर्थ नाही. प्रथिनयुक्त गोड पदार्थ म्हणून तो उत्तमच आहे.

ताक बंद केल्यावर गायीला काय द्यायचे, हा प्रश्न आपल्याला पडेल. जांभ्याच्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून राहते, धो-धो पावसाने चुना वाहून जातो, आणि त्यावरच्या गवतात हीच उणीव उतरते. गुरे हाडे चघळताना दिसतात ती यामुळेच. नुसता पेंढा हा तर अगदीच निकृष्ट चारा, त्यात प्रथिने तीन-चार टक्केच. आंबोणात मूठभर पेंड, भाताचा कोंडा आणि रोज साधारण ३० ग्रॅम क्षारमिश्रण द्यावे. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून मिळेल. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात कोकण कपिलेवर काम झाले आहे आणि ही जात राष्ट्रीय पातळीवर नोंदलेलीही आहे, त्यामुळे खुराकाविषयी तिथे विचारणा करायला हरकत नाही. या जातीकडून दोन-अडीच लिटरच्या पुढे दुधाची अपेक्षा सहसा ठेवू नये. मात्र खुराक सुधारला तर उन्हाळ्यात दूध एकदम आटणार नाही.

ताक दुसऱ्या दिवशी फार आंबट होत असेल तर विरजण कमी लावून संध्याकाळऐवजी रात्री उशिरा विरजावे, आणि घुसळण सकाळी ऊन चढण्याआधी उरकावी.