वाचकांचे प्रश्न : फोनो प्रीअँप घ्यायचा, पण कोणता?

टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणि फोनो प्रीअँप (त्याचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) यांविषयी आलेली सहा पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. नावं न छापता फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : मुलाने पुण्याहून नवा बेल्टवाला टर्नटेबल पाठवला. कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) एमएम, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट आहे. अँप्लिफायरच्या ऑक्सला जोडला तर आवाज बारीक, चिरका, खर्ज तर नाहीच. दुकानदार म्हणतो फोनो प्रीअँप लागेल. किमती दीड हजारापासून लाखापर्यंत दिसतात. काय पाहून घ्यावा? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : दुकानदार खरं सांगतो, पण पैसे काढण्याआधी टर्नटेबलची मागची बाजू पाहा. तिथे ‘फोनो / लाइन’ असं छोटं बटन असेल, तर प्रीअँप आतच बसवलेला आहे. बटन लाइनवर करा आणि ऑक्सला जोडा, काम झालं. अँप्लिफायरलाच ‘फोनो’ सॉकेट असेल तरी वेगळा डबा नको. मग मात्र बटन फोनोवर ठेवायचं. बटन लाइनवर आणि वायर फोनो सॉकेटमध्ये असं झालं, तर सिग्नल दोनदा वाढतो आणि आवाज फाटून घुमतो.

यातलं काहीच नसेल तर प्रीअँप हवा. तो दोन कामं करतो. एमएम कार्ट्रिज ३ ते ५ मिलिव्होल्टच देतं, ऑक्सला त्याच्या शंभरपट लागतं. म्हणून ४० डेसिबलचं गेन (सिग्नलची वाढ), म्हणजे बरोबर १०० पट. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खाचा रुंद होऊन बाजू लवकर संपली असती. उलट वरचे सूर चढवलेले असतात, म्हणजे वाजवताना ते उतरवले की खरखरही उतरते. हे प्रमाण १९५४ पासून ‘आरआयएए’ नावाने ठरलेलं आहे. प्रीअँप ते उलटं करतो : १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झ सुमारे ७ पट वाढवतो आणि १० किलोहर्ट्झ पाचव्या हिश्शावर आणतो. तुमच्या चिरक्या आवाजाचं कारण हेच.

आता निवड. एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज तुमच्याकडे नाही, त्यामुळे ६० डेसिबल गेनच्या एमसी सोयीसाठी जादा पैसे मोजू नका. इनपुटचा रोध ४७ किलोओहम असतोच. खरा फरक पडतो तो कपॅसिटन्सने (विद्युतभार साठवायची क्षमता, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात), आणि डब्यावर नेमका तोच आकडा बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई या कार्ट्रिजला १०० ते २०० पिकोफॅरड चालतं, ऑर्टोफोन २एम रेडला १५० ते ३००. या बेरजेत टोनआर्मची (सुई धरणाऱ्या दांड्याची) तार, आरसीए केबल आणि प्रीअँपचा इनपुट असे तिघंही धरायचे. तार आणि केबल मिळून १३० झाले आणि प्रीअँपचे १०० असले, तर व्हीएम९५ई मर्यादेच्या थोडं बाहेर गेलं. ३० ने काही बिघडत नाही. पण मीटरभराऐवजी तीन मीटरची स्वस्त केबल लावून एकूण ४०० वर नेलं, तर त्या कार्ट्रिजचा विद्युत-अनुनाद १५ किलोहर्ट्झवरून जेमतेम ११ वर उतरतो, आणि ‘स’, ‘श’ टोचायला लागतात. म्हणून केबल मीटरभराचीच, आणि प्रीअँप १०० पिकोफॅरडच्या आसपासचा किंवा मागे कपॅसिटन्सचं बटन असलेला.

ओव्हरलोडचा, म्हणजे आवाज न फाटता किती सिग्नल झेपतो त्याचा, आकडाही विचारा. १ किलोहर्ट्झला ४० मिलिव्होल्टपेक्षा जास्त झेपत असेल तर रेकॉर्डवरचा ओरखडा नुसता ‘टक्’ वाजतो, ‘फट्’ होत नाही. आणि आपल्याकडे सबसॉनिक फिल्टर असलेलाच घ्या. मे महिन्यात टिनाच्या घरात ठेवलेली रेकॉर्ड थोडी तरी वाकतेच. वाकलेल्या रेकॉर्डवर सुई वरखाली होते, कानाला काही कळत नाही, पण वूफरचा पडदा पोटासारखा आतबाहेर होतो. १५-२० हर्ट्झच्या खालचं कापलं की थांबतो. सोन्याचा मुलामा, जाड अॅल्युमिनियमची पेटी यांना आमच्या लेखी शेवटचा नंबर.

प्रश्न : वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर आहे. सुईची कांडी फिरवली की एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. याला कोणता प्रीअँप बसेल? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : कोणताच नाही. ही उलटणारी सुई बहुतेक सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिजची असते. खात्री करायची तर अँप्लिफायरपासून तारा सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर लावून डाव्या-उजव्या जोड्या तपासा. एमएममध्ये तांब्याचं वेटोळं असतं, ४०० ते १५०० ओहम दिसतील. सिरॅमिक काहीच दाखवणार नाही, तार तुटल्यासारखं.

सिरॅमिक स्वतःच शेकडो मिलिव्होल्ट देतं आणि सुरांचा तोलही बराचसा आपोआप सांभाळतं. त्याला फोनो प्रीअँप लावला तर घुमणारा, फाटका गोंधळ ऐकू येईल. त्याची गरज एकच : सुमारे १ मेगाओहमचा इनपुट. ऑक्सचा ४७ किलोओहम त्याचा खर्ज गिळतो. टीएल०७२ आयसीचा साधा बफर, इनपुटपासून ग्राउंडला २.२ मेगाओहमचा रेझिस्टर, एवढं रेडिओ दुरुस्त करणारा कुणीही अर्ध्या दिवसात करून देईल. तेही नको असेल तर प्रत्येक चॅनलमध्ये ४७० किलोओहमचा रेझिस्टर सिरीजला टाका. आवाज लहान होईल, पण खर्ज परत येईल.

त्याच टोनआर्मवर एमएम बसवण्याचा मोह टाळा. तो ५ ते ८ ग्रॅम वजनासाठी घडवलेला आहे, एमएम २ ग्रॅमच्या आसपास चालतं. आर्मची बेअरिंग तेवढी मोकळी नसते, सुई खाचेतून उडते.

प्रश्न : प्रीअँप घेतला, गाणं चांगलं वाजते, पण दोन गाण्यांच्या मधात सारखा घूंऽ आवाज येऊन राहिला. टर्नटेबलच्या मागची बारीक हिरवी तार भिंतीतल्या अर्थिंगला जोडली, तर आणखीच वाढला. (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : ती तार आधी भिंतीतून काढा. तिची जागा प्रीअँपच्या मागच्या स्क्रूवर आहे, ‘जीएनडी’ लिहिलेल्या. भिंतीला जोडली की जमिनीकडे जायला दोन वाटा तयार होतात, त्या वाटांच्या कड्यात ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो, आणि वर सांगितलं तसं प्रीअँप ५० हर्ट्झला बाकीच्यापेक्षा ७ पट जास्त वाढवतो, म्हणजे जवळजवळ ७०० पट. शिवाय घरातलं अर्थिंग नादुरुस्त असून त्यात कुठून फेज उतरला, तर टोनआर्मला हात लावणाऱ्याला झटका बसेल. हे घूं आवाजापेक्षा गंभीर आहे.

तार जागेवर आली तरी घूं राहिला तर क्रमाने जा. प्रीअँपचे इनपुट काढून अँप्लिफायर तेवढ्याच आवाजावर ठेवा. घूं तसाच असेल तर दोष पुढे आहे, प्रीअँपचा अडॅप्टर किंवा अँप्लिफायर. गेला, तर टर्नटेबलकडचा आहे : आर्मच्या मागच्या चार तारांपैकी एखादी सैल, किंवा आरसीएची बाहेरची कडी ढिली. आर्म हाताने धरून रेकॉर्डच्या मध्याकडे नेताना घूं वाढत असेल, तर मोटर किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजमध्ये शिरतो आहे. प्रीअँप आणि टर्नटेबल अँप्लिफायरपासून हातभर लांब करून पाहा. अनेकदा एवढ्यानेच मिटतं. अँप्लिफायरवर प्रीअँप ठेवायची सवय दिसायला नीटनेटकी, कानाला वाईट.

आवाजाचा पोत ऐका. खोल, गोल घूं ५० हर्ट्झचा, तो हवेतून किंवा जमिनीतून येतो. खरबरीत ‘झर्र’ बहुतेक १०० हर्ट्झचा, तो अडॅप्टरचा.

आता अर्थिंग. डिजिटल मीटरने फेज आणि अर्थमध्ये २२० दिसले म्हणून खूश होऊ नका, हे मीटर तुटक्या तारेवरही आकडा दाखवतं. वायरमनला सांगून फेज-अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून पाहा. पूर्ण उजेड पडला तर अर्थिंग ठीक. घरात ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो पडेल, तीही खूणच. तुमच्या खारपाणपट्ट्यात अर्थिंगचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप लवकर गंजतो आणि वरचा क्लॅम्प आधी जातो. काळ्या जमिनीला एप्रिलमध्ये भेगा पडल्या की माती पाइपपासून सुटते. उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात टाका.

कूलर त्याच एक्स्टेन्शन बोर्डवर असेल तर तो वेगळ्या पॉइंटवर न्या, बटन दाबताना येणारा ‘टक्’ त्याचाच.

प्रश्न : गावच्या भजनी मंडळाचा अँप्लिफायर आहे, त्याला माइकचे चार इनपुट. माइकचा सिग्नलही मिलिव्होल्टमध्येच असतो, मग टर्नटेबल तिथे का लावू नये? (पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : आवाज मोठा होईल, गाणं होणार नाही. माइकचा इनपुट सगळे सूर सारखे वाढवतो, आरआयएएचा उलटा हिशेब त्यात नसतो. अभंग ऐकताना मृदंगाचा बायां गायब आणि टाळ कानात शिरणारे. फोनो प्रीअँप घेऊन तो ऑक्सला जोडा. मंडळाचा अँप्लिफायर एकाच चॅनलचा असतो, म्हणून डावा आणि उजवा प्रत्येकी ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करा. थेट पिळून जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात.

प्रश्न : संध्याकाळी व्होल्टेज १७० वर येते, तेव्हा प्रीअँप झर्र करतो. रात्री ठीक. स्टॅबिलायझर घ्यावा का? (राळेगाव, जि. यवतमाळ)

उत्तर : नुसत्या प्रीअँपसाठी नको. तुमचा अडॅप्टर जड, ट्रान्सफॉर्मरवाला असणार. त्याच्या आतल्या १२ व्होल्टच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला) इनपुटला किमान १४ ते १४.५ व्होल्ट लागतात. २३० चे १७० झाले की ट्रान्सफॉर्मरचे १६ व्होल्टही १२ च्या आसपास येतात, रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झची लहर पुढे जाते. ‘१००-२४० व्होल्ट’ छापलेला चांगला हलका अडॅप्टर त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा लावा, १७० ला त्याला फरक पडत नाही. त्याची बारीक शीळ ऐकू येत असेल तर बॅटरी.

फवारणी पंपाची १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी या कामाला अगदी योग्य. प्रीअँप १०० मिलिअँपिअर घेत असेल तर निम्मी क्षमता वापरूनही ४० तास गाणी. आधी अडॅप्टरवर ‘१२ व्होल्ट डीसी’ लिहिलंय का पाहा. ‘एसी’ किंवा नागमोडी खूण असेल तर बॅटरी चालणार नाही, १८ व्होल्टचा असेल तरी नाही. पिनच्या मध्यभागी प्लस आहे का ते चित्रात दिसतं, उलटी जोडू नका. प्लसच्या अगदी जवळ ५०० मिलिअँपिअरचा फ्यूज टाका, शॉर्ट झाला तर ही बॅटरी वायर वितळवते. ११.५ व्होल्टच्या खाली नेऊ नका, आणि चार्जिंग चालू असताना ऐकू नका, तेव्हा ती १४ च्या वर असते. हंगामात पंपालाच लागेल, म्हणून दुसरी घेतलेली बरी. पंपातली काढलीत तर औषधाचे हात आणि बॅटरी धुऊन-पुसूनच घरात आणा.

चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर प्रीअँप चालवू नका, झर्र कायमचा सोबती होतो.

प्रश्न : घरी ७८ च्या लाखेच्या तबकड्या आहेत. याच प्रीअँपवर वाजतील? (मलकापूर, जि. बुलडाणा)

उत्तर : टर्नटेबलला ७८ चा वेग असेल तर वाजतील, पण सुई बदला. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद. तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, म्हणून एवढी खरखर. १९५४ च्या आधीच्या तबकड्या आरआयएएवर थोड्या मंद, दबलेल्या वाटतील, अँप्लिफायरचा ट्रेबल वाढवा. मोनोचं बटन असेल तर दाबून ठेवा, खरखर आणखी उतरते. स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळते.