ओरिएंटिअरिंग आणि वय: परत तेच प्रश्न

नकाशा-कंपास घेऊन जंगलात पळायचा हा खेळ इथे स्वीडनमध्ये शाळेतच शिकवतात, त्यामुळे मराठी आईबाबांचे मेसेज सारखे येतात, आणि बहुतेक वयाबद्दलच.

एलिटला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, पळायला वय किती लागतं?
21 चा गट म्हणजे मोठ्यांचा मुख्य गट, तो सगळ्यांना खुला, वर मर्यादा नाही. वय कॅलेंडर वर्षावर धरतात, वाढदिवसावर नाही. एलिटमधल्या निवडीचं क्लबला विचारा.

मुलगा 14 चा. एक कॅम्पवाले म्हणतात 20 च्या आत ज्युनियर वर्ल्डचं मेडल नाही तर विसरा, दोन वर्षांचं पॅकेज घ्या. घेऊ?
अजिबात नको. ही भीती दर सीझनला येते आणि दर वेळी मागे कुणाचं तरी पॅकेज असतं. अहो, स्वित्झर्लंडची सिमोन निग्ली, वर्ल्ड चॅम्पियनशिपची 23 गोल्ड, शेवटची 2013 ला फिनलंडमध्ये, तेव्हा बाई 35 ची आणि तीन मुलांची आई! फ्रान्सचा तिएरी गेओर्ग्यू 2003 ला पहिल्यांदा जिंकला तेव्हा 24 चा, 2011 ला घरच्या जंगलात जिंकला तेव्हा 32 चा. हो, नॉर्वेचा कास्पर फोसर 2021 ला लाँग (लांब पल्ल्याची रेस) जिंकला तेव्हा 22 चाच होता, पण सगळी पोरं फोसर नसतात. पाय लवकर तयार होतात हो, नकाशा डोक्यात मुरायला वर्षं जातात. आपण जिथे आहोत तिथे नकाशावर अंगठा ठेवून पळायचं असतं, चौदाचं पोरगं सुसाट सुटतं, अंगठा दोन टेकड्या मागेच, मग गाठायच्या जागेवरचा केशरी-पांढरा झेंडा दिसला की झेप, आणि त्यावरचा कोड भलताच, म्हणजे झेंडा दुसराच. हे पॅकेजने सुटत नाही. वाढत्या वयात ट्रेनिंग किती झेपेल ते क्लबच्या कोचला विचारा, टाच किंवा गुडघा दुखत असेल तर आधी फिजिओकडे.

मी 46 चा, नकाशातल्या बारीक रेषा दिसत नाहीत. भिंगवाला महागडा कंपास घेऊ?
आधी डोळे तपासा. 45 पासून पुढच्या गटांना नकाशा 1:15000 ऐवजी 1:10000 चा, म्हणजे सगळं मोठं दिसणारा, मिळू शकतो, तोही फुकट. आणि चढावर छाती दाबल्यासारखी होते हे तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंय, ते पहिलं लिहायचं! "थंडीमुळे असेल" हे तुमच्या मित्राने ठरवायचं नाही. रविवारची रेस रद्द, आजच डॉक्टरांना फोन करा, आणि बसल्या जागी दुखलं तर सरळ 112.

मुलगी 17 ची, तीन महिने पाळी नाही, नडगी दुखते. क्लबातल्या एक ताई म्हणाल्या एलिट मुलींना होतंच.
होतंच नाही. खाणं कमी पडत असेल, हाडाला बारीक चीर असू शकते. ऑनलाइन मागवलेली आयर्नची पावडर बाजूला ठेवा, रक्ततपासणीशिवाय देऊ नका. पळणं बंद, याच आठवड्यात डॉक्टर. सिलेक्शन झाल्यावर बघू, असं नको.