फोटोत दिसत नाही ते लिही

प्रिय,

वार्षिकांकाचा मजकूर यंदा तुझ्याकडे आला, हे वाचून मनापासून आनंद झाला. सोबत पाठवलेला क्रीडादिनाचा वृत्तान्त दोनदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. पण हाच वृत्तान्त गेल्या वर्षीच्या अंकात छापला असता, तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. ‘दरवर्षीप्रमाणे यंदाही क्रीडादिन मोठ्या उत्साहात पार पडला.’ यात यंदाचं काय आहे, सांग बरं?

मजकूर तपासताना हाच प्रश्न प्रत्येक वाक्याला विचार. जे वाक्य कुठल्याही वर्षाला आणि कुठल्याही शाळेला चालेल, ते खोडून टाक. ‘मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन करण्यात आले’, ‘सर्वांनी परिश्रम घेतले’, ‘आभारप्रदर्शनाने सांगता झाली’ ही सगळी वाक्यं आधी जातील. ती गेल्यावर कागदावर फार थोडं उरेल. त्याला घाबरू नकोस, कारण जे उरतं तेच तुझं असतं.

तुझ्या वृत्तान्तात असं एक वाक्य उरलं आहे, अगदी शेवटच्या परिच्छेदात: ‘पावसामुळे रिलेची अंतिम शर्यत तासभर उशिरा सुरू झाली.’ ते वाचून मी थांबलो. त्या तासात सगळी शाळा कुठे उभी होती? मैदानातलं पाणी कुणी काढलं, कशाने काढलं? धावणाऱ्या मुलांनी तो तास कसा घालवला? वृत्तान्ताची सुरुवात इथून व्हायला हवी होती. निकाल काय, तो तक्त्यात जाईलच.

हे सगळं विचारल्याशिवाय मिळत नाही, आणि विचारायचीही एक रीत असते. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंस की ‘छान वाटलं’ एवढंच उत्तर येणार. त्यात मुलांचा दोष नाही, प्रश्नच तसा आहे. त्याऐवजी घडलेलं विचार. शिट्टी वाजायच्या आधी तू काय करत होतीस? शेजारी कोण होतं, ते काय म्हणालं? घरी गेल्यावर पहिल्यांदा कुणाला सांगितलंस? मग गप्प बस. पहिलं उत्तर संपल्यावर जी शांतता पसरते, ती तू भरू नकोस. समोरचा ती भरतो, आणि बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच बाहेर येते. जे बोलले तेच शब्द उतरवून घे. अवतरणचिन्हांतलं वाक्य तुझ्या मनाने गोड करायचं नाही. आणि शक्य तर त्याच दिवशी विचार. तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या आठवणींचं ‘मजा आली’ झालेलं असतं.

आता फोटोओळींबद्दल, कारण अंक हातात आला की लोक आधी फोटो पाहतात, मग त्याखालची ओळ वाचतात. मोठा लेख पुष्कळांकडून तसाच राहतो. आपल्याकडे फोटोओळ म्हणजे ‘करताना’ची ओळ: नृत्य सादर करताना विद्यार्थिनी, पारितोषिक स्वीकारताना विजेता. ती नाचते आहे हे डोळ्यांना दिसतंच, ते शब्दांनी पुन्हा कशाला सांगायचं? दोन वाक्यांची सवय लाव. पहिल्यात कोण आणि कुठल्या वेळी. दुसऱ्यात फोटोत न दिसणारी एक गोष्ट. समजा, नाटकाचा फोटो आहे. पडद्याची दोरी अडकली म्हणून पहिला प्रवेश संपेपर्यंत दोघींनी पडदा हातांनी धरून ठेवला होता, आणि त्या दोघी फोटोत नाहीत. मग ती ओळ त्यांची आहे.

समूहफोटोत नावं डावीकडून उजवीकडे आणि रांगेनुसार दे. ‘डावीकडून’ हा शब्द विसरू नकोस, आणि डोकी व नावं मोजून बघ. नावाबाबत मी कठोर आहे, त्याला कारण आहे. मी ज्या अंकांचं काम पाहिलं, त्यातल्या एकात एका मुलाचं आडनाव चुकलं. प्रूफ मीच वाचलं होतं. अंक वाटला त्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि तक्रार न करता म्हणाला, ‘सर, हा मी नाही.’ छापलेल्या हजार प्रती माघारी घेता येत नाहीत. तेव्हापासून नावं हजेरीपटाशी ताडायची आणि मग ज्याचं त्याला दाखवायची, असा नियम केला. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो, म्हणून मांडणी झाल्यावर नावं पुन्हा एकदा वाच.

आणखी एक यादी कर: प्रत्येक मुलाचं नाव आणि तो अंकात किती वेळा आला. काही नावं दहादहा वेळा येतील, काहींसमोर शून्य असेल. ज्यांच्यासमोर शून्य आहे त्यांना शोधणं हे मला तुझ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाचनालयात रोज शेवटपर्यंत बसणारी, घंटेआधी फळा पुसणारा, कुठल्याच संघात नसलेली मुलं. त्यांच्याकडे जा. त्यांनाही वीस वर्षांनी हा अंक उघडून स्वतःला शोधायचं आहे.

लांबीची चिंता फार करू नकोस. अंक बहुधा आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचांत, छापतात, म्हणून पानं मनाला येतील तशी वाढत नाहीत. डमी, म्हणजे अंकाचा पानवार कच्चा नमुना, आधी बनव, जागा ठरव, आणि त्याहून थोडं कमीच लिही. मथळा सगळ्यात शेवटी. तो लेखातल्याच एखाद्या बोललेल्या वाक्यात सापडतो. आपापसातले विनोद मात्र अंकात नकोत: आज चौघांना हसू येईल, पण ज्याच्यावर विनोद झाला त्याच्या घरी तो कायमचा राहील.

तर आता रिलेच्या चौघींना गाठ. पाणी उपसणारेही शोध. पाऊस पडून फार दिवस झालेले नाहीत, अजून त्यांना सगळं आठवत असेल. नवा खर्डा झाला की पाठव, मी वाट पाहतो.

तुझा,
सर