हॅलोविनला त्याच्या कपाळावर आपली टिकली

ताई,
मी एडिसनला राहते, न्यू जर्सीतल्याच एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. गेल्या हॅलोविनला ऑफिसच्या वेशभूषा स्पर्धेत आमच्या टीममधला एक गोरा सहकारी तोंडाला तपकिरी रंग फासून, डोक्याला टॉवेलचा फेटा, कपाळावर मोठी लाल टिकली आणि कानाला हेडसेट लावून आला. ‘टेक सपोर्ट’ म्हणे. दिवसभर आपल्या लोकांसारखे हेल काढून बोलत होता. त्याला बक्षीस मिळालं. मीही हसले, फोटोत उभी राहिले आणि घरी येऊन रडले. माणूस एरवी वाईट नाही. माझ्या बाळंतपणात माझं महिनाअखेरीचं काम त्यानेच सांभाळलं होतं. यंदा तो ‘भाग दोन’ आणणार आहे. नवरा म्हणतो, एच-१बी व्हिसावर आहेस, गप्प बस.
आणखी एक. आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या आम्ही सहा देशी मंडळींनी यंदा ‘मेक्सिकन’ व्हायचं ठरवलंय. मोठ्या टोप्या, झुबकेदार मिशा. तेव्हा मजा वाटली, आता नको वाटतंय. टीममधल्या एका कृष्णवर्णीय मुलीने गेल्या वर्षी हळूच विचारलं होतं, ‘ठीक आहेस ना?’ मी ‘हो’ म्हणून विषय बदलला. आणि तिच्याबद्दल आमच्या टेबलावर ‘कालू’ असं बोललं जातं, हेही तुम्हाला सांगायला हवं.
मी काय करू? आणि मी स्वतः काय घालून जाऊ?
– तुमची धाकटी बहीण समजा

*

धाकटी बहीण म्हणालीस, तेव्हा तुला ‘तू’च म्हणते.

आधी त्या हसण्याचं. चौदा माणसं हसत असताना पंधराव्याला एकट्याने गंभीर राहणं फार अवघड असतं, आणि तुझ्या मनात तर व्हिसाही होता. हसलीस म्हणून तुला ते चाललं असा अर्थ होत नाही. ‘गेल्या वर्षी तर तूही हसली होतीस’ असं कुणी म्हटलं, तर ‘हो, तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही, आता सांगतेय’ एवढं उत्तर पुरे.

एका टिकलीने एवढं का लागलं, असं तुला स्वतःलाही वाटत असेल. तू राहतेस त्या एडिसनपासून जर्सी सिटी फार लांब नाही. तिथे १९८७ मध्ये ‘डॉटबस्टर्स’ नावाच्या टोळीने भारतीयांना शहरातून हुसकावण्याची उघड धमकी वर्तमानपत्राला पाठवलेल्या पत्रातून दिली होती. ‘डॉट’ म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरची टिकली. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. तो पारशी होता, टिकलीशी त्याचा काही संबंधही नव्हता. फेट्याचंही तसंच. ११ सप्टेंबर २००१ नंतर चारच दिवसांनी अॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोढी या शीख गृहस्थांना पगडी पाहून गोळी घातली गेली. तुझ्या सहकाऱ्याच्या हे गावीही नसेल. त्याने लावलेली टिकली संध्याकाळी साबणाने निघाली. ती लावून रस्त्याने चालताना काय सोसावं लागतं, ते त्याच्या वाट्याला कधी येणार नाही.

तोंड रंगवणं हा तर या देशातला फार जुना घाव आहे. एकोणिसाव्या शतकात गोरे नट चेहऱ्याला काळं फासून गुलामांची टवाळी करत, त्याची तिकिटं खपत. त्यातल्याच एका पात्राचं नाव ‘जिम क्रो’, आणि पुढे वंशभेदाच्या कायद्यांनाही तेच नाव चिकटलं. म्हणून इथे त्वचेचा रंग बदलणारा मेकअप, तपकिरी असला तरी, गंमत धरला जात नाही. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांचा २००१ मधला तसा एक फोटो २०१९ मध्ये बाहेर आला आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

आता त्याच्याशी बोलायचं कसं ते. यंदा ३१ ऑक्टोबर शनिवारी येतो, म्हणजे ऑफिसची पार्टी बहुधा शुक्रवारी, ३० तारखेला. तुझ्या हातात तीन आठवडे आहेत आणि याच आठवड्यात बोललीस तर उत्तम. उशीर झाला की समोरच्याने पोशाख विकत घेतलेला असतो, चार जणांना सांगितलेलं असतं, आणि मग माघार घेणं त्याच्यासाठी मानापमानाचा प्रश्न होतो. तोंडाने बोल, लिहून नको. एकांतात, कामाच्या वेळात, दहा मिनिटांत उरकेल असं. चॅटवर लिहिलंस तर त्याचा स्क्रीनशॉट फिरेल, आणि लिहिलेल्या शब्दांत तुझा सूर त्याला ऐकू येणार नाही.

तीन गोष्टी सांग. गेल्या वर्षी तू काय पाहिलंस: रंग, टिकली, फेटा, हेल. त्याने तुला काय झालं. आणि तुला काय हवंय. म्हणजे साधारण असं: ‘गेल्या वर्षीच्या त्या वेषात तू चेहरा तपकिरी केला होतास, टिकली लावली होतीस आणि माझ्या लोकांसारखं बोलत होतास. मी हसले, पण घरी जाऊन मला फार वाईट वाटलं. यंदा ते परत करू नकोस, अशी माझी विनंती आहे.’ एवढं झालं की थांब. शांतता पसरेल. ती भरून काढायला ‘पण काही हरकत नाही रे’ म्हणायचा मोह होईल, आणि तिथेच सगळं वाया जातं. ‘तू वंशवादी आहेस’ हेही म्हणू नकोस. मग तो आपण कसे चांगले आहोत हे सिद्ध करत बसतो आणि पोशाख बाजूलाच राहतो. तुझ्या बाळंतपणात केलेली मदतही या बोलण्यात आणू नकोस. ते उपकार खरेच आहेत, पण त्यांची फेड अशी करायची नसते.

तो बहुतेक म्हणेल, ‘माझा तसा हेतू नव्हता.’ तू म्हण, ‘माहीत आहे, म्हणूनच तुला सांगतेय.’ किंवा म्हणेल, ‘बाकीच्या इंडियन लोकांना चाललं.’ त्यावर, ‘मी माझ्यापुरतं बोलतेय.’ वाद घालू नकोस, तेच वाक्य परत सांग.

बोलल्यानंतर घरी वहीत तारीख, वेळ आणि दोघांचे शब्द लिहून ठेव. ऑफिसची कागदपत्रं किंवा मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर मात्र पाठवू नकोस. बऱ्याच कंपन्यांत तो नियमभंग ठरतो आणि मग बोट तुझ्याकडेच वळतं.

त्याने ऐकलं नाही, किंवा त्याच्याशी एकटीने बोलणं तुला झेपणार नाही असं वाटलं, तर मॅनेजरकडे जा. एकटीने बोललंच पाहिजे असा काही नियम नाही. जाताना तक्रारीबरोबर एक सोपा उपायही घेऊन जा: स्पर्धेच्या सूचनेत एक ओळ घाला. ‘कुठलाही वंश, धर्म किंवा देश हा पोशाख नाही, आणि त्वचेचा रंग बदलायचा नाही.’ ही ओळ पार्टीच्या मेलमध्ये, बक्षिसं आणि वेळेच्या माहितीबरोबर सगळ्यांना जावी, १५ तारखेच्या सुमारास. आदल्या दिवशी स्वतंत्र मेल आली की तक्रार कुणी केली हे सगळे ताडतात. बऱ्याच ठिकाणी हेच चुकतं.

आणि तरीही तो तसाच आला तर? हसू नकोस, फोटोत उभी राहू नकोस. ‘हे करू नकोस असं मी सांगितलं होतं’ एवढं म्हणून तिथून निघ. त्याच दिवशी एचआरला लेखी कळव: काय घातलं होतं, काय बोलला, कुठे, किती वाजता, कोण हजर होतं, आणि तू आधी कधी सांगितलं होतंस. विशेषणं नकोत.

तुझ्या नवऱ्याची भीती खोटी नाही. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हे तो रोज मनात घोळवत असणार. त्याच्यावर चिडू नकोस. पण त्याला हेही सांग की १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण व्हिसा बघत नाही. १५ किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीला ते लागू आहे, आणि न्यू जर्सीचा १९४५ पासूनचा भेदभावविरोधी कायदा छोट्या कंपन्यांनाही लागू आहे. तक्रार केली म्हणून सूड उगवणं दोन्ही कायद्यांत वेगळा कायदेभंग धरला जातो. मुदती लक्षात ठेव: राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे १८० दिवस, केंद्राच्या समान रोजगार संधी आयोगाकडे न्यू जर्सीतून ३०० दिवस, राज्याच्या कायद्याखाली कोर्टात दोन वर्षं. गेल्या वर्षीच्या प्रसंगाच्या पहिल्या दोन मुदती उलटल्या आहेत. शिवाय एका दिवसाच्या एका पोशाखावर खटला सहसा उभा राहत नाही. म्हणून कायदा पाठीशी असू दे, पण सुरुवात बोलण्याने कर. वेळ आलीच, तर नोकरीविषयक कायद्याचा वकील गाठ.

आता तुमचं टेबल. इथे मला तुझ्याशी जरा कडक बोलायचंय. त्या मोठ्या टोप्या आणि मिशा म्हणजे तुझ्या सहकाऱ्याची टिकलीच आहे. तुमच्याच इमारतीत संध्याकाळी साफसफाईला किंवा कॅन्टीनमध्ये स्पॅनिश बोलणारी माणसं असतील, तर ती तुम्हाला बघतील आणि तूही हसली होतीस तशीच हसतील. तुमचा बेत आधी मोडायला हवा. तो तसाच ठेवून त्याच्याकडे गेलीस, तर तो पहिलं हेच दाखवेल, आणि त्याचं बरोबर असेल.

मोडताना भाषण देऊ नकोस. ‘गेल्या वर्षी त्याने केलं ते मला लागलं होतं, आपण तेच करतोय, मी यात नाही’ एवढं म्हण आणि लगेच दुसरी कल्पना पुढे ठेव. सहा जण आहात ना? बुद्धिबळाच्या सोंगट्या व्हा. काळे-पांढरे टी-शर्ट, पुठ्ठ्याचे मुकुट, एका घोड्याचं तोंड. दीड तासाचं काम. नुसतं ‘नको’ म्हटलंस की बेत चालूच राहतो आणि तू एकटी पडतेस.

‘कालू’ मात्र आजच थांबव. आपली भाषा कुणाला कळत नाही असं समजणं हा मोठा गैरसमज आहे. सूर कळतो, नजर कळते, आपण आलो की बोलणं थांबतं हेही कळतं. पुढच्या वेळी कुणी तो शब्द वापरला की सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, ‘तिचं नाव आहे, नावाने बोल’ म्हण. दोन-तीनदा म्हणावं लागेल. आणि तिला जाऊन सांग: ‘तू गेल्या वर्षी विचारलं होतंस, तेव्हा मी खोटं बोलले. मला वाईट वाटलं होतं. विचारलंस म्हणून बरं वाटलं.’ तुझ्या बाजूने तिने भांडावं अशी अपेक्षा मात्र ठेवू नकोस. ती अशा लढाया तुझ्याहून आधीपासून लढत असेल.

राहिला तुझा पोशाख. आधी काय नको ते. पांढऱ्या चादरीचं भूत करणार असशील तर डोकं गोल दिसायला हवं, आत टोपी घाल. चादरीचं टोक वर आलं की ते कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या वेषासारखं दिसतं, आणि भारतातून आलेल्यांच्या हे लक्षातच येत नाही. सजावटीत फास लावलेला बाहुला टांगू नका. काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारण्याचा इतिहास इथे अजून ताजा आहे. रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं इथे बेकायदा आहे, तरी दुकानात मिळतात. घेऊ नकोस. चेहऱ्याचे रंग दोन-तीन दिवस आधी हातावर लावून बघ, आणि अंधारात चमकणारे रंग डोळ्यांजवळ नकोत. नऊवारीसुद्धा त्या दिवशी नको, असं माझं मत आहे. आपण नेसतो ते वस्त्र भुताखेतांच्या रांगेत उभं केलं, की पुढच्या वर्षी कुणीतरी तेच भाड्याने आणतं.

सोंगट्यांचा बेत जमला नाही, तर तू आकाशकंदील हो. दिवाळी यंदा हॅलोविननंतर आठवड्याभराने आहे. गुडघ्यापर्यंतचा साधा पिवळा कुर्ता आणि लेगिंग्ज. २० बाय ३० इंचाचे दोन फोमबोर्ड आण, प्रत्येकातून १८ इंच उंचीचा षटकोन काप. मध्ये खिडक्या कोरून मागून पतंगी कागद चिकटव. साध्या पांढऱ्या गोंदाने. गरम ग्लूगनने फोम वितळतो आणि खड्डे पडतात. दोन्ही षटकोन एक इंची रिबिनीने खांद्यावरून पुढे-मागे अडकव, कमरेशी वेलक्रो लाव, म्हणजे मीटिंगला बसताना मागचा बोर्ड काढता येईल. यापेक्षा मोठा केलास तर खुर्चीत बसता येत नाही. कमरेच्या पट्ट्याला क्रेप पेपरच्या झिरमिळ्या: दीड इंच रुंद, १८ इंच लांब, तीसेक. स्टेपलरच्या पिना आतून टेपने झाक, नाहीतर टोचतात. क्रेपचा रंग ओला झाला की सुटतो, म्हणून कार ते ऑफिस या वाटेवर पाऊस असेल तर पट्टा पिशवीतून ने. आत बॅटरीवरची तीन मीटरची दिव्यांची माळ, तिचा डबा कुर्त्याच्या खिशात.

कंदिलावर स्वस्तिक काढू नकोस, कमळ काढ. आपल्यासाठी स्वस्तिक शुभ असलं तरी तुमच्या ऑफिसात कुणा ज्यू सहकाऱ्याला ते पाहून धस्स होईल, आणि पार्टीत इतिहास समजावत बसायला वेळ नसतो.

पार्टी झाली की झिरमिळ्यांचा पट्टा बोर्डांच्या खालच्या कडेला बांध आणि कंदील दारात टांग. नव्या बॅटऱ्या तेवढ्या घालाव्या लागतील.